मागणे आणि सोपविणे



वसंत व्याख्यानमालेत ख्रिस्ती प्रार्थनेवर बोलावयाचे ठरले, तेव्हा चोपड्यासारख्या गावी हा विषय परका तर वाटणार नाही ना, अशी शंका प्रथम मनात आली. पण थोडा विचार केल्यावर ती राहिली नाही. तापीच्या पलीकडे अमळनेरला १९१६ साली श्रीमंत प्रतापशेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. ईश्वर, जीव आणि जगत् यांचा विचार या परिसराला नवा नाही. शिवाय भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या रेल्वेच्या गावांत आणि पश्चिम खानदेशात नवापूर-चिंचपाड्याच्या बाजूला ख्रिस्ती मंडळ्या कित्येक वर्षांपासून आहेत. त्या मंदिरांतून रविवारी जी प्रार्थना ऐकू येते, ती मराठीतच असते. तेव्हा आपल्याच शेजाऱ्यांची ही गोष्ट आहे, असे समजून आज तिच्याकडे पाहू.

या प्रार्थनेत एक मागणे असे असते की, जे ऐकून बाहेरच्या माणसाला नवल वाटावे. भक्त देवापुढे उभा राहतो, मनात इच्छा घेऊन उभा राहतो, आणि शेवटी म्हणतो की माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. मग मागितले तरी कशाला? आणि सोडूनच द्यावयाचे, तर माणसाने प्रयत्न तरी का करावा? या दोन प्रश्नांची उत्तरे शास्त्रचर्चेतून देण्यापेक्षा, ज्यांनी ही प्रार्थना मराठीत केली आणि तिची किंमतही मोजली, अशा तीन माणसांच्या चरित्रांतून ती शोधावी, असा माझा आजचा बेत आहे. ती माणसे म्हणजे पंडिता रमाबाई, रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक.

नवस आणि प्रार्थना

आपल्याकडे देवाशी बोलण्याची एक रीत सर्वांच्या परिचयाची आहे. मूल आजारी पडले, पाऊस लांबला, मुलीचे लग्न जमेना, की घरातली वडीलधारी बाई नवस बोलते. सातपुड्याच्या कुशीतल्या मनुदेवीला किंवा वणीच्या सप्तशृंगीला जाणाऱ्या वाटेवर नवस फेडावयास निघालेली माणसे आपण नेहमी पाहतो. नवसाला मी हसत नाही. संकटात सापडलेल्या माणसाची ती कळकळ आहे, आणि जिला दुसरा आधार नाही तिने देवाचा पदर धरला तर तिला नावे कोण ठेवील? तरी पण नवसाचे स्वरूप देण्याघेण्याचे असते, ही गोष्ट खरी आहे. तू हे दे, मी ते वाहीन. इच्छा माझी ठरलेली असते. देवाने ती पुरी करावयाची असते.

नवस हा एका धर्माचाच असतो, असेही कोणी समजू नये. मेणबत्त्या लावून नवस बोलणारे ख्रिस्ती लोकही आहेतच. देवाला आपल्या इच्छेचा कारभारी करण्याचा मोह सर्वच धर्मांतल्या माणसांना होत आला आहे. आणि दुसऱ्या बाजूने, सर्व काही देवावर सोपवून निश्चिंत होण्याची शिकवण आपल्या संतांनीही दिलेली आहे. अनंताने ठेवले तसे राहावे, चित्ती समाधान असू द्यावे, हा तुकोबांच्या अभंगाचा भाव येथे बसलेल्या बहुतेकांना पाठ असेल. म्हणून मागणे एका धर्माचे आणि सोपविणे दुसऱ्याचे, अशी वाटणी करता येत नाही. दोन्ही गोष्टी प्रत्येक माणसाच्या मनात असतात. त्यांचा झगडा कसा सुटतो, एवढेच पाहावयाचे.

बागेतली रात्र

येशूने आपल्या शिष्यांना जी प्रार्थना शिकविली, तिच्यातला क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी देवाच्या नामाची थोरवी, मग त्याचे राज्य, मग त्याची इच्छा पूर्ण होवो ही विनंती, आणि त्यानंतर रोजची भाकर. पोटाचे मागणे वगळलेले नाही. ते योग्य जागी बसविले आहे. भाकरीची काळजी असणाऱ्या गरीब माणसांसाठी ही प्रार्थना होती, हे विसरून चालणार नाही.

पण या शिकवणुकीची खरी परीक्षा झाली ती गेथशेमाने नावाच्या बागेत, येशूला पकडण्यात आले त्या रात्री. पुढे काय वाढून ठेवले आहे, हे त्याला कळले होते. त्याने सोबतच्या शिष्यांना जागे राहावयास सांगितले, आणि ते झोपी गेले. मग एकट्याने त्याने देवाजवळ स्पष्ट मागितले की हे दुःख माझ्यावरून टळू दे. एकदा नव्हे, तीनदा. आणि प्रत्येक वेळी मागण्याच्या शेवटी आपली इच्छा त्याने बापाच्या हाती दिली. दुःख टळले नाही. दुसऱ्या दिवशी त्याला क्रुसावर चढविण्यात आले.

या प्रसंगातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, सोपविण्यापूर्वी मागणे आहे. मला काही नकोच, असे सोंग येथे नाही. ज्याला इच्छाच नाही, त्याने सोपवावयाचे तरी काय? दुसरी गोष्ट अशी की, त्याने जी इच्छा देवाच्या स्वाधीन केली ती स्वतःची. पेत्राची नव्हे, योहानाची नव्हे. उलट, पकडावयास आलेल्या लोकांना, मला न्या पण यांना जाऊ द्या, असे त्याने सांगितले, असे योहानाचे शुभवर्तमान म्हणते. ही दुसरी गोष्ट आज आपल्याला विशेष उपयोगी पडणार आहे.

मराठी वळण

ही बागेतली कथा मराठीत आली तिला चारशे वर्षे होऊन गेली. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आला, सासष्टीत राहिला, तिथल्या लोकांची भाषा शिकला, आणि त्याने ओवीछंदात ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. अक्षरे रोमन होती, पण भाषा मराठी होती. पुराण ऐकण्याची ज्या लोकांना सवय होती, त्यांच्यापुढे त्याने पुराणच ठेवले. पुढे दोनशे वर्षांनी, १८११ साली, बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून विल्यम कॅरी यांनी मराठी नवा करार प्रसिद्ध केला.

पण भाषांतर झाले म्हणजे प्रार्थना आपली झाली, असे होत नाही. प्रार्थना ही जगावी लागते. महाराष्ट्रातल्या सुशिक्षित ब्राह्मण घरांतून आलेल्या तीन माणसांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत जगावयास घेतली, तेव्हा तिला मराठी रक्तमांस मिळाले. त्या तिघांनी समाजाचा रोष पत्करला. त्यांच्या धर्मांतराबद्दल कोणाचे मत काहीही असो. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

रमाबाईंचा मार्ग

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना समाजाचा त्रास सोसावा लागला. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडले. जवळ होते ते दानधर्मात गेले. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा या कुटुंबाने उपास केले, अनुष्ठाने केली, मूर्तींना प्रदक्षिणा घातल्या. देव प्रसन्न होऊन द्रव्य देईल, अशी आशा होती. अन्न संपले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास अनवाणी चालत देशभर फिरले. पुढे या दुष्काळाच्या आठवणी रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवल्या आहेत. वाचणाऱ्याचे डोळे कोरडे राहणार नाहीत, अशा त्या आठवणी आहेत.

१८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही गेला. हाती मनोरमा ही तान्ही मुलगी. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

येथे एक प्रश्न उभा राहिला, आणि माझ्या मते आजच्या विषयाचे सर्व मर्म त्यात आहे. ज्या भगिनीमंडळात त्या राहत होत्या, तिथल्या सिस्टर जेराल्डिन आणि इतर वडीलधाऱ्या मंडळींची अपेक्षा अशी होती की, नवशिष्येने चर्चची शिकवण आणि वडिलांची आज्ञा निमूटपणे मानावी. रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी ते योग्य नाही असे कळविले. रमाबाईंनी पत्रांतून कडक उत्तरे दिली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली आहे, दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या जोखडात ती पुन्हा घालणार नाही. देवाची आज्ञा मला मान्य आहे. पण कोणी माणूस जे सांगेल ते देवाचीच आज्ञा आहे, असे मी धरून चालणार नाही.

श्रोतेहो, वरवर पाहता ही अहंता वाटेल. जी बाई देवापुढे इच्छा सोडावयास निघाली, ती माणसापुढे तसूभरही वाकावयास तयार नाही! पण थोडे खोलात गेले म्हणजे कळते की, देवापुढे जी मान खरोखर वाकते तिला इतरत्र वाकण्याचे कारण उरत नाही. विधवेचे केशवपन, बालवधूचे हाल, स्त्रीचे अज्ञान, हे सारे देवाच्याच इच्छेने चालले आहे, असे त्या काळी सांगितले जात असे. देवाच्या इच्छेचे नाव घेऊन माणसांचीच इच्छा कशी चालविली जाते, हे रमाबाईंनी लहानपणापासून पाहिले होते. म्हणून त्या सावध होत्या.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस ‘शारदा सदन’ उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. त्यांच्या आत्मकथनावरून असे दिसते की, १८९१ च्या सुमारास त्यांच्या धर्मजीवनात मोठा पालट झाला. आतापर्यंत आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांना वाटले. तेव्हापासून त्यांची प्रार्थना बदलली. पण शारदा सदन चालविताना धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे त्यांनी मान्य केले होते. त्यांच्या प्रार्थनेला मुली येऊन बसू लागल्या तेव्हा पुण्यात वादळ उठले. मी कोणाला बोलावीत नाही आणि कोणाला हाकलीतही नाही, असे त्यांचे उत्तर होते. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि बऱ्याच मुली पालकांनी काढून नेल्या. लहान वयाच्या, निराधार आणि आपल्यावरच अवलंबून असलेल्या मुलींच्या मनावर उघड्या दाराचेसुद्धा वजन पडत नाही काय, हा त्या टीकाकारांचा प्रश्न आजही खोटा म्हणता येणार नाही. रमाबाईंच्या थोरवीला बाध न आणताही तो विचारता येतो.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. आपले बालपण त्यांना त्या मुलींच्या चेहऱ्यांत दिसले असले पाहिजे. पुण्याजवळ केडगाव येथे शंभर एकर जमिनीवर ‘मुक्ती’ उभी राहिली. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, विणकाम, छापखाना, शाळा निघाली. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या माणसांची रोजची भाकर म्हणजे काय, हे गृहिणींना सांगावयास नको. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांनी अनाथाश्रम चालविताना माणसांपुढे हात पसरावयाचा नाही, देवापुढेच गरज ठेवावयाची, असा नेम केला होता. त्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते आणि त्याचा परिणाम त्यांच्यावर खोल झाला होता.

सोपविणारी ही बाई मागावयास मात्र कधी लाजली नाही. १८९६ साली लोणावळ्याच्या मेळाव्यात आपल्या पंधरा मुली आहेत त्या पंधरा पटींनी वाढाव्यात, असे हिशेब करून मागणे तिने देवापाशी केले! त्यानंतर ती देवावर भार टाकून बसून राहिली नाही. दुष्काळी मुलखात हिंडून तिने मुली गोळा केल्या. देवाची इच्छा आणि माणसाचे कष्ट यांत तिला विरोध दिसत नव्हता.

शेवटची परीक्षा अजून व्हावयाची होती. मनोरमाबाई इंग्लंड-अमेरिकेत शिकून आल्या, आईच्या उजव्या हात झाल्या. आपल्यामागे हे काम मनोरमा चालवील, अशी आईची इच्छा असणे स्वाभाविक होते. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. त्या वेळी रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, कानांनी अधू झाल्या होत्या, आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून चालविलेले त्यांचे मराठी बायबलाचे भाषांतर पुरे होत आले होते. त्यांनी ते काम सोडले नाही. मुद्रिते तपासता तपासता ते पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ज्या मुलीच्या हाती सर्व द्यावयाचे होते ती आधी गेली, आणि तरीही रोजचे काम रोज होत राहिले. सोपविणे या शब्दाचा अर्थ यापेक्षा स्पष्ट करून सांगणे मला जमणार नाही.

टिळक आणि लक्ष्मीबाई

रमाबाईंची इच्छा त्यांच्या एकटीची होती. टिळकांची गोष्ट याहून अवघड आहे, कारण त्यांना बायको होती.

नारायण वामन टिळक हे कोकणातले. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेले. वृत्तीने कवी, स्वभावाने तापट आणि उदार. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि तो वाचून पाहण्याचा आग्रह केला. डोंगरावरच्या प्रवचनाने टिळक भारले गेले. पुढे दोन वर्षे त्यांच्या मनात झगडा चालला. आप्त जातील, प्रतिष्ठा जाईल, संसार मोडेल, हे त्यांना दिसत होते. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. देवाच्या इच्छेपुढे आपली इच्छा आपण ठेवली, असे त्यांना त्या दिवशी वाटले असेल, आणि ते खरेही होते.

पण लक्ष्मीबाई तेथे नव्हत्या. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची ही मुलगी अकराव्या वर्षी टिळकांच्या घरी आली होती. मुलगा दत्तू अवघा तीन-चार वर्षांचा होता. नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. चार-पाच वर्षे त्या दूर राहिल्या. त्यांतला काही काळ बहिणीच्या कुटुंबाबरोबर पंढरपुरात गेला. त्या दिवसांची हकीकत त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झाले आणि मराठीतल्या थोर पुस्तकांत त्याची गणना होते. त्यात आक्रोश नाही, नवऱ्याची निंदा नाही, उलट जागोजाग विनोद आहे. पण त्या विनोदाखाली किती अश्रू जिरले आहेत, हे सहृदय वाचकाला कळते.

आता कठोर वाटले तरी विचारले पाहिजे. टिळकांनी १८९५ साली देवाला जे अर्पण केले, त्यात त्यांचे स्वतःचे किती आणि लक्ष्मीबाईंचे किती? सौभाग्य, घर, माहेर-सासरचा मान हे तिचे होते. ते तिला न विचारता अर्पण झाले. टिळकांवर मी आरोप ठेवीत नाही. खऱ्या श्रद्धेच्या माणसापुढे कधी कधी दोन्हीकडून आग लागते. विरहात त्यांनीही कविता लिहून आपले दुःख सांगितले आहे. तथापि, देवाला सर्वस्व वाहताना आपल्या सर्वस्वात दुसऱ्याचेही काही येते, याची जाणीव भक्ताला असली पाहिजे, एवढे या इतिहासातून शिकावयाचे आहे.

यातून पुढे जे घडले ते मात्र दोघांनाही शोभणारे होते. लक्ष्मीबाई परत आल्या त्या आपले सोवळेओवळे सांभाळीतच आल्या. नवऱ्याचा धर्म तो आपला धर्म, ही त्या काळची रीत. ती त्यांनी या एका बाबतीत मानली नाही. नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्या आपल्या पद्धतीने राहिल्या. जातिभेद हा देवाने केला की माणसाने, याचा विचार त्यांच्या मनात चालू होता. तो माणसानेच केला, असे त्यांचे त्यांना पटले, तेव्हा सोवळे गळून पडले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, आणि स्वतःच्या पायांनी. दुष्काळात पोरकी झालेली मुले या दाम्पत्याने घरात घेतली. वेगळी चूल सांभाळणाऱ्या बाईचे घर कोणाचेही घर झाले.

टिळकांनीही काही शिकून घेतले, असे मला वाटते. आपल्या खानदेशाशी संबंध असलेली एक गोष्ट त्याला साक्ष आहे. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले. तेथे धरणगावचा एक मुलगा, त्र्यंबक बापूजी ठोमरे, पुढे आला आणि ‘बालकवी’ ठरला. धरणगाव म्हणजे तापी ओलांडली की आपले शेजारचेच गाव. या मुलाला टिळकांनी पोटच्या पोरासारखे जवळ केले. तो त्यांच्या घरी राहिला, लक्ष्मीबाईंच्या हातचे जेवला, कविता करीत हिंडला. धर्मांतराची तळमळ असलेल्या एका पाद्र्याच्या घरी हा हिंदू मुलगा राहिला, आणि हिंदूच राहिला. ५ मे १९१८ रोजी भादलीच्या स्टेशनाजवळ आगगाडीखाली त्याचा अंत झाला. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचाही झाला नव्हता.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्तीने राहावयाचे ठरविले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, येशूचे सर्व भक्त त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. त्यांचे अभंग आणि भजने आजही मराठी ख्रिस्ती मंदिरांत म्हटली जातात. पण दरबाराचे स्वप्न पुरे व्हावयाचे नव्हते. ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळक वारले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्यही जेमतेम सुरुवातीच्या अध्यायांपर्यंतच आले होते.

ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. जिला लग्नानंतर नवऱ्याने अक्षरओळख करून दिली, त्या बाईने साठांहून अधिक अध्याय लिहिले. १९३६ साली त्या वारल्या, आणि १९३८ साली काव्य प्रसिद्ध झाले. गेथशेमाने बागेतल्या रात्रीपर्यंत टिळकांची लेखणी पोहोचलीच नव्हती. ती रात्र लिहिण्याचे काम लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले. मला यात फार मोठा न्याय दिसतो. जिची इच्छा एकदा तिला न विचारता अर्पण केली गेली, तिनेच पुढे आपल्या खुषीने, नवऱ्याच्या मागे सतरा वर्षे झटून, इच्छा अर्पण करणाऱ्याची कथा मराठीत पुरी केली.

एक कसोटी

आता आरंभीच्या दोन प्रश्नांकडे वळतो.

सोडूनच द्यावयाचे तर मागितले कशाला? याचे उत्तर बागेतल्या रात्रीत आहे, आणि रमाबाईंच्या पंधराच्या हिशेबातही आहे. मागितल्यावाचून आपल्या मनात काय आहे ते आपल्यालाच कळत नाही. ओंजळीत काय आहे ते आधी पाहावे लागते. मग ओंजळ उघडता येते.

सर्व देवावर सोपविले तर माणसाने प्रयत्न का करावा? याचे उत्तर केडगावच्या विहिरींनी दिले आहे. रमाबाईंनी फळाचा हट्ट सोडला, काम सोडले नाही. निष्काम कर्माची शिकवण ज्यांच्या कानांवर लहानपणापासून आहे, त्यांना हे समजण्यास अडचण पडू नये.

पण या दोन उत्तरांपेक्षा महत्त्वाची अशी एक कसोटी या तीन चरित्रांतून आपल्या हाती येते. माणसाला स्वतःची इच्छा देवाला देता येते. दुसऱ्याची देता येत नाही. सासूने सुनेला, मालकाने नोकराला, पुरुषाने स्त्रीला, गुरूने शिष्याला ‘देवाची इच्छा आहे, सोस’ असे सांगितले, तर त्याला शरणागती म्हणत नाहीत. ती दुसऱ्याच्या मालावर केलेली उदारता होय. रमाबाईंनी बिशपांपुढे हेच सांगितले. पुण्याच्या हितचिंतकांनी रमाबाईंना काहीसे हेच विचारले. लक्ष्मीबाईंनी पाच वर्षे वेगळे राहून हेच दाखविले. आणि टिळकांनी, बालकवीला आपल्या घरात त्याचा तो राहू देऊन, हेच मान्य केले.

पुढच्या आठवड्यात कोणी मनुदेवीला जातील, कोणी उनपदेवच्या ऊन पाण्यात स्नान करून हात जोडतील, कोणी मशिदीत जातील, कोणी चर्चमध्ये. प्रत्येकाच्या मनात काही ना काही मागणे असेल. ते मोकळेपणाने मागावे. मागून झाल्यावर क्षणभर थांबून एवढे मात्र पाहावे की, हे मागणे पुरे झाले नाही तर ते सोडावयाची माझी तयारी आहे काय; आणि सोडताना जे मी सोडतो आहे, ते माझेच आहे ना?